दफेदार मामाचं पोस्टकार्ड

आमच्या घरात भांडणं नव्हती, पण फौजा दोन होत्या. माझे वडील हवाई दलात सार्जंट होते. मी त्यांना आप्पा म्हणायची. विमानाचा सांगाडा, पंख, चाकं, झाकणं तपासणं हे त्यांचं काम. विमान उडवणारे वेगळे आणि ते उडण्याजोगं ठेवणारे वेगळे, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. आईचा धाकटा भाऊ रंगनाथमामा नगरला रणगाड्यांवर दफेदार होता; घोडदळाच्या काळापासून तिथे हवालदाराला दफेदार म्हणतात. आधी ड्रायव्हर आणि मग नव्या जवानांना शिकवणारा उस्ताद. रणगाड्याला तो 'गाडी' म्हणायचा आणि विमानाला 'पाखरू'. मेहुण्या-मेहुण्यांत थट्टा असतेच, त्यात या दोघांच्या अंगावर दोन रंगांचे गणवेश. आप्पा सुट्टीवर आले की पहिला अर्धा तास खुशाली राहायची बाजूला, दोघं एकमेकांच्या दलाची अब्रू काढत बसायचे.

"काय दाजी, हवाई दलात अजून चादरीला इस्त्री करून देत्यात का?" मामा दारातूनच सुरू व्हायचा. "आमी हितं धूळ खातो, तुमी पंख्याखाली आम्लेट खाता. तुमी कसलं मिलिटरीवालं? निळ्या कापडातलं तलाठी हाय तुमी."

"आन् तू दफेदार," आप्पा बुटाची नाडी सोडत म्हणायचे. "घोडी जाऊन जमाना झाला, नाव तेवढं ऱ्हायलं. शेपूट धरायला घोडं न्हाई, म्हनून लोखंडाच्या पेटीत जाऊन बसतोस."

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी हातपाय धुवा, मग करा लढाई."

मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही आप्पांबरोबर उत्तरेतल्या एका हवाई तळावर, क्वार्टरमध्ये राहिलो. पिवळ्या भिंतींच्या सारख्या खोल्या, सारखी अंगणं, आणि प्रत्येक अंगणात वाळवणाची दोरी. सकाळी विमानं उठायला लागली की बोलणाऱ्या बायका वाक्याच्या मध्येच थांबायच्या. आवाज डोक्यावरून गेला की तेच वाक्य पुढे चालू. शेजारची बंगाली काकू, पलीकडची केरळची बाई, माझी आई, कुणीच तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्या मोजायच्या. चार गेली, तर चार परत यायला हवीत. चौथ्याचा आवाज उतरला की आई दोरीवरचे कपडे काढून आत यायची. आपला नवरा तर जमिनीवरच आहे, मग ही का मोजते, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्या विमानांवर नवऱ्याचा हात फिरलेला असायचा, म्हणून मोजायची.

माझी शाळा सारखी बदलू नये म्हणून आई मला घेऊन नगरला आली आणि आम्ही भिंगारमध्ये दोन खोल्या घेतल्या. मामाचं क्वार्टर तिथून सायकलीच्या अंतरावर. मामाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर त्याचा हक्क जरा जास्तच. भिंगारचे आवाज वेगळे होते. पहाटे बिगूल, मग बुटांचा ठेका, आणि दिवस वर आला की लांब माळावरून तोफांचा सराव. एकेक गोळा सुटला की फळीवरची पितळी भांडी किणकिणायची आणि आई, बोलता बोलता, काचेच्या बरणीवर हात ठेवायची. "तुझा मामा कामाला लागला," म्हणायची. मामी हुलग्याचे शेंगोळे अप्रतिम करायची. लसूण-मिरचीचा तो वास, वरून कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. मामा सरावाच्या माळावरून आला की भुवयांपर्यंत मातीचा असायचा, आणि त्या मातीतून हसला की त्याचे दात एकदम पांढरे दिसायचे. आता नगरचं अहिल्यानगर झालंय. परवा भिंगारवरून रिक्षानं गेले तर आमच्या दोन खोल्यांच्या जागी मोबाईलचं दुकान. तोफांचा आवाज मात्र अजून येतो. रिक्षावाल्यानं मानसुद्धा वर केली नाही.

आप्पा तळावर आणि मामा नगरला, म्हणून थट्टा बंद पडली असती, पण ती पोस्टकार्डावर चालू राहिली. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं रणगाड्याच्या झाकणाखाली चेचली होती. त्याला पेन नीट धरता यायचं नाही. म्हणून तो सांगायचा आणि मी लिहायची. रविवारी सकाळी तो बाजेवर बसायचा, मी खाली पाटावर. "लिव," म्हणायचा, आणि मग स्वतःच हसत सुटायचा. माझं अक्षर त्या वयात फार गोल आणि टपोरं होतं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. तळावर आप्पांच्या हाताखाली मोहिते नावाचा सांगलीकडचा कॉर्पोरल होता. मामाचं कार्ड आलं की तो ते विमानाखाली उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांना हिंदीत समजावून सांगायचा. हे आप्पा पत्रात कळवायचे. आपल्या विनोदावर पंजाबी, मद्रासी सगळे हसतात म्हणून मामाची छाती फुगायची. माझीही फुगायची, खोटं कशाला सांगू.

मी तेरा वर्षांची होते त्या दिवाळीत आप्पा न कळवता आले. एरवी आठवडाभर आधी पत्र यायचं, मग मामा स्टेशनवर सायकल घेऊन जायचा. या वेळी दुपारी दार वाजलं आणि दारात ते उभे. हातात एकच पिशवी. आईनं विचारलं, "ट्रंक कुठाय?" ते म्हणाले, "न्हाई आनली." जेवायला बसले, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्या चार दिवसांत ते नळावर सारखे हात धुवायचे. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. आई म्हणाली, ग्रीस निघत नसेल. पण हात स्वच्छ होते, मी पाहिले होते.

भाऊबीजेला मामा आला. आईनं ओवाळलं, ताटं मांडली, पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. मामा गेल्या सहा महिन्यांचं साठवून आला होता. पोळीवर तुपाची वाटी उपडी करत म्हणाला, "दाजी, एक गोष्ट कबूल करा. आमची गाडी बिघडली तर मानूस खाली उतरतो, बिडी पेटवतो आन् मेकॅनिकची वाट बघतो. तुमचं पाखरू बिघडलं तर?"

आप्पा हसले. एवढे हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मामा खूश होऊन त्यांच्या पाठीवर थापा मारत होता. मी समोर बसले होते. आप्पांचा डावा हात पाटाखाली होता आणि त्यानं पाटाची कड घट्ट धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "गावाला जाऊन येतो. आईला भेटतो." त्यांचं गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी. आईनं त्यांच्यासोबत फराळाचा डबा दिला.

तिसऱ्या दिवशी तार आली. इंग्रजीत होती, चार शब्दांची. ताबडतोब हजर व्हा, एवढंच. आई ती घेऊन तशीच मामाकडे गेली, मी तिच्यामागे. मामानं तार दोनदा वाचली आणि खुर्चीवर बसला.

"आक्का, सुट्टी तोडून मानूस बोलावत्यात ते दोनच कारनांनी. लढाई, न्हाईतर चौकशी. लढाई लागली असती तर मला आधी कळलं असतं."

"कसली चौकशी?"

भाऊबीजेला आपण काय बोललो ते मामाला तेव्हा आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरत गेला. आई म्हणाली, "तू जा त्यांना आणायला. आन् पोरीला ने. पोरीसमोर ते न्हाई म्हननार न्हाईत."

नेवासा फाट्यावर एसटीतून उतरून आम्ही उसाच्या टेम्पोत बसून गावात पोचलो. आजी म्हणाली, तो रोज नदीवर जाऊन बसतो, जेवायला बोलावलं की येतो, न बोलावलं तर येत नाही. आप्पा काठावरच्या दगडावर बसले होते. फराळाचा डबा शेजारी, न उघडलेला. मामानं तार पुढे केली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही.

"दाजी, काय झालं?"

आप्पांनी सांगितलं ते फार थोड्या शब्दांत. दोन महिन्यांपूर्वी तळावरचं एक विमान पडलं होतं. उडाल्यावर काही मिनिटांत त्याच्या पाठीवरचं एक झाकण उघडून निघालं आणि शेपटावर आदळलं. पायलट चोवीस वर्षांचा होता, फ्लाइंग ऑफिसर. त्याला बाहेर उडी घ्यायला वेळ मिळाला नाही. ते झाकण आप्पांनी तपासणीसाठी उघडलं होतं, आणि बंदही त्यांनीच करायचं होतं. त्याला चार खटके असतात. उड्डाणाआधीच्या फॉर्मवर त्यांची सही होती.

"मग लावलं की न्हाई खटकं?"

"दोन लावल्याचं आठवतंय. मधी शिडीवरून खाली आलो. परत चढलो का, ते आठवत न्हाई. लई आठवून बघितलं रंगनाथ, न्हाई आठवत. पोरगं आलं, मला विचारलं, सगळं ठीक का सार्जंटसाब. मी म्हनलो, ठीक हाय सर. सही केली."

मामानं पाण्याकडे तोंड फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ते झाकन सापडलं का?"

"सापडलं. पार चेपलंय. त्याच्यावरनं काय कळत न्हाई. आता शेवटची जबानी हाय माझी."

"मग लावलं हुतं म्हना. तुमाला तरी कुठं म्हाईत हाय न्हाई लावलं म्हनून? कदाचित लावलंबी असंल."

"तसं म्हनलो तर पायलटची चूक धरनार. लई खाली आनून जोरात वळवलं, असं लिवायला बसल्यात."

"धरू द्या. मेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या बापाला पडतो," आप्पा म्हणाले.

मामा उठला. परतीची गाडी किती वाजता आहे ते बघून येतो म्हणाला आणि गावाकडे गेला. खरं म्हणजे त्याला तिथे बसवत नव्हतं. मी आप्पांजवळ सरकले. मला एकच प्रश्न पडला होता आणि तो विचारू नये हे कळण्याचं माझं वय नव्हतं.

"आप्पा, तुम्ही शिडीवरून उतरलात कशाला?"

ते सहज बोलून गेले, जसं माणूस थकल्यावर बोलतो. "पत्र आलं हुतं. मोहिते खालून कार्ड नाचवत हुता. अक्षर लांबूनच वळखलं."

बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घाईनं माझा हात धरला. "तुजा काय संबंद न्हाई, कुंदे. कुनाचाच न्हाई. पन मामाला सांगू नको. त्यो मरून जाईल. घे शपत."

मी शपथ घेतली. त्या वेळी मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं, आणि अर्धवटही कळलं. त्या सुमारास आम्ही धाडलेलं ते कार्ड मला शब्दन् शब्द पाठ होतं. 'दाजींस दफेदाराचा सलाम. आमच्या एका गाडीचं वजन तुमच्या चार पाखरांइतकं भरेल. तरी ती जमीन सोडत नाही, कारण तिला वळण आहे. तुमची कार्टी मात्र दिवसभर वर उंडारतात.' 'कार्टी' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. ती माझी स्वतःची भर होती.

मामानं रजा काढली आणि आप्पांबरोबर स्वतः गेला. आई नको म्हणाली तर म्हणाला, "आक्का, मानूस एकटा रेल्वेत बसवायच्या लायकीचा न्हाई." दोन दिवसांचा प्रवास. तळाच्या आत त्याला जाता येईना, म्हणून तो फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसायचा. अकरा दिवस बसला. हिरव्या गणवेशातला माणूस निळ्यांच्या दारात कशाला बसलाय म्हणून पहारेकऱ्यांनी हटकलं, तर म्हणायचा, आमचा माणूस आत आहे. आप्पांनी जबानीत सांगितलं की मला खटके लावल्याचं आठवत नाही. शिडी का उतरलात असं विचारलं, तर तेही आठवत नाही म्हणाले. मोहितेनंही तोंड उघडलं नाही. आप्पांच्या दंडावरच्या पट्ट्या काढल्या, विमानाला हात लावायची मनाई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत नोकरीतून घरी पाठवलं. जाहीर काही नाही. नगरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा ट्रंक मामाच्या डोक्यावर होती आणि आप्पा मागून पिशवी घेऊन चालत होते, जसा काही मामाच सुट्टीवर आलाय.

आई महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. ती वाईट नव्हती. एकदा भाकऱ्या थापताना माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खरं बोलले, चांगलं केलं. पण मला एकदा विचारायचं तरी." आप्पांना मार्केट यार्डाजवळ पंप दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. तिथे ते प्रत्येक नट तीनतीनदा बघायचे. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायचं, मालक चिडायचा. मामा यायचा, बसायचा, चहा घ्यायचा, पण थट्टा संपली होती. एकदा आप्पांनीच मुद्दाम सुरुवात केली, "काय दफेदार, पेटी गंजली का न्हाई?" मामा 'व्हय व्हय' म्हणाला आणि कपाकडे बघत राहिला. आप्पांना ते फार लागलं. मला वाटतं, पट्ट्या गेल्यापेक्षाही जास्त लागलं.

आणि मग मी जे केलं ते सांगायचं राहिलंय. हे प्रकरण मी त्यासाठीच लिहायला घेतलं, आणि इतका वेळ विमानं, तोफा नि शेंगोळे सांगत बसले.

शाळेत कुणीतरी बोललं. भिंगारमध्ये निम्म्या मुलींचे वडील फौजेत, बातमी कुठून तरी आलीच असणार. मधल्या सुट्टीत एकजण म्हणाली, "हिच्या वडलांनी विमान पाडलं." मी दप्तर घेऊन तशीच घरी आले. आई बाजरी निवडत होती, मामा बाजेवर बसला होता, आप्पा दुकानात. मी रडत रडत सांगितलं. मामानं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पण तोही आतून दुखावलेला होता. किती महिने त्यानं ते दाबून ठेवलं होतं कोण जाणे. आईकडे बघून म्हणाला, "आक्का, राग येऊ देऊ नको, पन दाजी चुकलं. काम अर्धं टाकून शिडी उतरायचीच कशाला? आमच्यात न्हाई चालत असं. आमचा जवान गाडीवर चढला की हुकमाशिवाय उतरत न्हाई."

'आमच्यात न्हाई चालत.' हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, हसत हसत. या वेळी तो हसत नव्हता. मी त्याच्या मिठीतून बाहेर आले आणि ओरडले, "तुझ्या पत्रासाठी उतरले ते! तुझं कार्ड आलं होतं म्हणून उतरले! तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही कुणाला!"

आईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि बाजरी जमिनीवर सांडली. मामा म्हणाला, "कोनतं पत्र?"

मी म्हणून दाखवलं. सगळं, पहिल्या सलामापासून. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली. बोटांना शाळेतली शाई लागलेली होती. तो ते बोलू शकला असता. 'लिहिलंस कुणी?' एवढं तरी म्हणू शकला असता. मी चौदाला टेकले होते, मला पुरतं कळत होतं की मी सगळा भार त्याच्या अंगावर टाकून स्वतः मोकळी झाले. तो फक्त उठला. टोपी घेतली, ती नीट डोक्यावर बसवली आणि सायकल न घेताच चालत गेला. सायकल आमच्या दारात आठ दिवस होती. शेवटी मामी येऊन घेऊन गेली.

मी कधीतरी त्याची माफी मागायला हवी होती. पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन श्रीरामपूरला गेले, दोन मुलं झाली. बेलापूर, जिथे मामा निवृत्तीनंतर राहिला, ते श्रीरामपूरहून कितीसं लांब? वर्षातून चारदा जायची. दरवेळी आज बोलू म्हणून जायची आणि मामीकडच्या कैऱ्या, भाजी घेऊन परत यायची.

आप्पांना आईनं त्याच दिवशी सांगितलं. ते मला रागावले नाहीत. फक्त "शपत घेतली हुतीस" एवढंच म्हणाले. मामा पुढचे कितीतरी महिने आला नाही. भाऊबीज आली. आईनं सकाळीच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन तयार ठेवलं. दुपार झाली. ताटातली पोळी गार झाली. आई उठेना, आणि कुणाला ताट हलवूही देईना. शेवटी आप्पांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

मामा क्वार्टरच्या पायरीवर बसला होता. नवे कपडे घातलेले होते, म्हणजे निघायचं मनात होतं पण पाय उचलला नसावा. आप्पा त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मी जरा लांब, तारेच्या कुंपणाशी उभी राहिले.

"पत्र तू लिवलं," आप्पा म्हणाले. "शिडी मी उतरलो. दोन्ही येगळं हाय, रंगनाथ. आमच्या दलात असं पत्र वाचायला बंदी न्हाई. पन वाचून झाल्यावर परत वर चढायचं असतं."

मामा मान खाली घालूनच म्हणाला, "दाजी, त्या पोराच्या घरी गेला का तुमी?"

"न्हाई. काय तोंडानं जाऊ?"

"जाऊ या."

त्या दिवशी तो आमच्याबरोबर आला. आईनं पुन्हा निरांजन लावलं, ओवाळलं. जेवण झालं. आणि थंडी सरायच्या आत दोघं रेल्वेनं गेले. आठवडाभरानं आले. तिकडे काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. आईनं एकदा विचारलं, आप्पा म्हणाले, "भेटलो." त्यानंतर आप्पा दुकानात नट दोनदाच बघायला लागले, एवढाच फरक मला दिसला.

मामा आधी गेला. बेलापूरला, प्रवरेकाठी त्याला अग्नी दिला. त्याच्या पलटणीतले दोन म्हातारे आले होते, त्यांनी सलाम ठोकला. त्यांच्या शेजारी आप्पाही ताठ उभे राहिले आणि हात कपाळाला नेला. नोकरी सुटल्यापासून त्यांनी कुणाला सलाम केलेला मी पाहिला नव्हता. परत येताना एसटीत मी त्यांच्या शेजारी होते. तेव्हा त्यांनी त्या पोराच्या घरी काय झालं ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मध्य भारतातलं एक लहान गाव होतं. मुलाचे वडील निवृत्त मास्तर. दार त्यांनीच उघडलं. मामानं फौजी हिंदीत सांगितलं की आम्ही त्या विमानापाशी होतो. मास्तरांनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, चौकशीच्या कागदात ज्याचं नाव आहे तो तुमच्यातला कोण? आप्पा पुढे होणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "हम दोनों." मास्तर आत निघून गेले. आता दार लावायला येतील असं यांना वाटलं. पण आतून मुलाची आई आली, तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. समोर भिंतीवर मुलाचा फोटो होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आप्पांना वाटत होतं. तिनं फक्त एक विचारलं. त्या दिवशी सकाळी माझ्या मुलानं काही खाल्लं होतं का? तो घाईत असला की उपाशीच निघायचा.

"हां माँजी," आप्पा म्हणाले. "पेटभर खाया था. आम्लेट, टोस्ट, दो कप चाय. मैंने खुद देखा."

तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. मग ती उठून आत गेली, आणि हे दोघं बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला आल्यावर मामा थांबला.

"दाजी, खरंच खाल्लं हुतं का त्यानं?"

"मला काय म्हाईत, रंगनाथ," आप्पा म्हणाले. "मी पहाटपासून इमानापाशी हुतो."